आम्ही दोघे कोलंबोहून कँडीला गेलो



आज एक कबुली द्यायची आहे. २०२४ सालच्या जानेवारीत हे सदर दोन आठवडे दिसले नव्हते. काहींनी विचारणा केली, तेव्हा मी 'धम्मयात्रेला गेले होते' असे उत्तर दिले. वस्तीतही तेच सांगितले होते. ते अर्धे खरे होते. आम्ही दोघे, म्हणजे मी आणि आमचे हे, श्रीलंकेला गेलो होतो, एवढे खरे. पण गेलो होतो ते फिरायला.

यात्रा म्हटले की कोणी हिशेब विचारत नाही. सहल म्हटले की सगळेच विचारतात. म्हणून मी यात्रेच्या आड लपले. ही गोष्ट मनात राहून गेली होती. गेल्या आठवड्यात आमच्या मार्केट यार्डातील एक भगिनी घरी आली. तिचे मालक भुसार बाजारात हमाल, दोन-तीन महिन्यांत कामावरून मोकळे होणार. ती दाराशीच उभी राहून हळूच म्हणाली, "ताई, आम्हालाबी दोघांना कुठंतरी जाऊन यावंसं वाटतंय. पण लोक नावं ठेवतील का हो?" तिचा तो दबका आवाज ऐकला आणि ठरवले, आता खरे ते लिहून टाकायचे.

आमच्या यांनी मार्केट यार्डात चौतीस वर्षे पाठीवर पोती वाहिली. गाडी आली की रिकामी करायची, गाळ्यात थप्पी लावायची, पुन्हा दुसरी गाडी. त्या काळात शंभर किलोचे पोते असे. मी वस्तीतल्या बालवाडीत शिकवत होते. या चौतीस वर्षांत आम्ही दोघे मिळून गावाला लग्नाला गेलो, मयतीला गेलो, सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर गेलो आणि एकदा दीक्षाभूमीला जाऊन आलो. नुसते फिरायला म्हणून एकदाही नाही. शनिवारवाडासुद्धा मी बालवाडीच्या मुलांबरोबर पाहिला, यांच्याबरोबर नाही.

हे कामावरून मोकळे झाले आणि हाती फंडाचे पैसे आले. मुलगा म्हणाला, "आई, दोघं जाऊन या. तिकिटं मी काढून देतो." लगेच तीन आवाज उठले. जाऊबाई हसून म्हणाल्या, "या वयात हनिमून का गं?" विहाराच्या कामात आयुष्य घातलेले आमच्याकडचे एक ज्येष्ठ उपासक म्हणाले, "तेवढ्या पैशात विहाराची अर्धी फरशी झाली असती." तिसरा आवाज यांचाच. "अगं, त्या पैशाला हात लावू नको. दुखण्याबाण्याला लागतील."

जाऊबाईंचे हसण्यावारी नेले. पण फरशीचे बोलणे जिव्हारी लागले. आपण चैन तर करत नाही ना, हा प्रश्न मला झोपू देईना. तेव्हा मी स्वतःलाच विचारले, की हे पैसे आले कुठून?

वाचकहो, हे पैसे कोणी मेहेरबानीने दिले नव्हते. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा झाला. हमालीच्या वर व्यापाऱ्याने लेव्ही भरायची, ती मंडळाकडे जमा व्हायची आणि त्यातून हमालाला भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी मिळायची, अशी ही व्यवस्था. त्याआधी हमालाची पाठ गेली की तो रिकाम्या हाताने गावाला जाई. कायदा कागदावर आला तरी तो बाजारात उतरवायला मोर्चे काढावे लागले. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने त्यासाठी किती वर्षे झुंज दिली, हे मार्केट यार्डातल्या घराघराला ठाऊक आहे.

आणि सुट्टी? तीही कोणी सहज दिलेली नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यातील कामगाराला पगारी रजा मिळावी म्हणून त्यांनी कारखाना कायद्यात दुरुस्ती मांडली आणि १९४५ साली ती कायद्यात आली. कामगाराला विसावा हवा, आणि विसाव्याच्या दिवशी त्याची चूल विझता कामा नये, हा विचार त्यामागे होता. मग त्यांच्या लेकरांनी विसाव्याची लाज का धरावी? मी यांना एवढेच म्हटले, "अहो, दान वेगळं आणि विसावा वेगळा. फरशीला आपण देऊच. पण चौतीस वर्षांत एकदा तरी दोघं मिळून निघू." हे काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी गुपचूप फोटो काढून आले. तेव्हा मी ओळखले, की होकार आहे.

पासपोर्टाच्या वेळी गंमत झाली. आम्हा दोघांची जन्मतारीख एकच निघाली, १ जून! शाळेत नाव घालताना गुरुजींनी आमच्या पिढीतल्या किती जणांचा वाढदिवस १ जूनला घालून ठेवला असेल कोण जाणे. मग यांचे बोटांचे ठसे घ्यायची वेळ आली आणि यंत्रात ठसाच उमटेना. पोत्यांवर घासून घासून बोटांवरच्या रेषा पुसट झालेल्या. तिथल्या मुलीने ओल्या कपड्याने बोटे पुसली, पुन्हा ठेवायला लावली, पुन्हा पुसली. चौथ्या खेपेला ठसा आला. हे ओशाळून तिला म्हणाले, "बाई, मार्केट यार्डात सांडल्या त्या रेषा."

श्रीलंकाच का, असे तुम्ही विचाराल. त्याचे उत्तर आमच्या दारातून दिसते. मार्केट यार्डातून मान वर केली की पर्वतीची टेकडी दिसते. १९२९ साली त्या टेकडीवरच्या देवळात प्रवेश मिळावा म्हणून आपल्या माणसांनी सत्याग्रह केला आणि दगड खाल्ले. त्या सत्याग्रहात पां. ना. राजभोज जखमी झाले होते. त्यानंतर एकवीस वर्षांनी, १९५० सालच्या मे महिन्यात, बाबासाहेब कोलंबोला गेले, तेव्हा त्यांच्याबरोबर माईसाहेब होत्या आणि हेच राजभोज होते. जवळच्या टेकडीच्या पायऱ्या ज्यांना चढू दिल्या नाहीत, ते समुद्र ओलांडून धम्माच्या जागतिक परिषदेला गेले. लहानपणी वडिलांच्या तोंडून ही गोष्ट ऐकली, तेव्हापासून कोलंबो हे नाव माझ्या कानात होते.

मुंबईहून विमान सुटले आणि अडीच तासांत आम्ही उतरलोसुद्धा. परदेशात घड्याळ बदलावे लागते असे मुलाने सांगितले होते. इथे तेही करावे लागले नाही, तिथली वेळ आपलीच. रस्त्याकडेला जागोजाग बुद्धमूर्ती आणि पंचरंगी ध्वज. आपण विहारावर जो ध्वज लावतो तो मुळात याच गावचा आहे. १८८५ सालच्या वैशाखी पौर्णिमेला तो कोलंबोत पहिल्यांदा फडकला. आमच्या वस्तीत दरवर्षी बुद्धजयंतीला हेच शिडीवर चढून तो बांधतात. त्यांनी रिक्षातून बोट दाखवून विचारले, "हा आपलाच का गं?" म्हटले, "आपलाच."

संध्याकाळी गॉल फेस नावाच्या मोठ्या मैदानावर समुद्रासमोर बसलो. दहा मिनिटे झाली आणि हे चुळबुळ करू लागले. "आता काय करायचं?" मी म्हटले, "काही नाही." "म्हणजे?" "म्हणजे बसायचं." त्यांना ते जमेना. मलाही जमत नव्हते, पण मी दाखवले नाही. रिकामे बसणे हेसुद्धा शिकावे लागते, हे त्या दिवशी कळले. याच मैदानावर २०२२ साली महागाईने गांजलेली हजारो माणसे तळ ठोकून बसली होती आणि अखेर राष्ट्राध्यक्षाला देश सोडून पळावे लागले होते.

दुसऱ्या दिवशी यांनी पहिल्यांदाच स्वतःहून काही मागितले. "इथला बाजार बघू." रिक्षावाला दुबईत राहून आलेला, त्याला हिंदी येत होते. त्याने पेट्टा नावाच्या जुन्या बाजारपेठेत नेले. तांदूळ, मिरची, कांदा यांचा ठोक व्यापार चालतो त्या गल्लीत शिरताच हे एकदम खुलले. मिरचीचा तोच ठसका, त्याच हातगाड्या, गोणपाटाचा तोच वास. तिथे मोठ्या कांद्याला 'बॉम्बे कांदा' म्हणतात! आपल्या नाशिक-पुण्याकडचा कांदा पूर्वी मुंबईहून जाई, त्यावरून हे नाव. पण आम्ही गेलो तेव्हा आपल्या सरकारने डिसेंबर २०२३ पासून कांद्याची निर्यात बंद केलेली होती. नाव मुंबईचे आणि पोते भलत्याच देशाचे, असा प्रकार. हे म्हणाले, "तिकडं शेतकरी रडतोय, इकडं गिऱ्हाईक."

तिथे हमालाला 'नाट्टामी' म्हणतात. साठीच्या घरातला एक नाट्टामी पोते टाकून घाम पुसत उभा होता. यांनी पोत्यावर हात ठेवला, नुसत्या अंदाजाने पाच बोटे दाखवली, म्हणजे पन्नास किलो. तो हसला, मान डोलावली. मग यांनी शर्टाची कॉलर मागे ओढून मानेखालचा घट्टा दाखवला. त्याने पाठ वळवून आपला दाखवला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण तिथे भाषेचे काम उरलेच नव्हते. रिक्षावाल्याकरवी यांनी विचारले, "काम सुटल्यावर फंड मिळणार का?" तो म्हणाला, नाही. जोवर पाठ चालते तोवर पैसा. त्या एका माणसाचे उत्तर, साऱ्या बाजाराचे मी सांगू शकत नाही. पण परत येताना हे रिक्षात गप्प होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "मोर्च्याला जायचो तेव्हा तू म्हणायचीस ना, रोज बुडतो म्हणून? त्या बुडलेल्या रोजांवर आज इथं आलोय." खरे आहे. मी तसे म्हणत असे. त्या दिवशी चूक कबूल केली.

तिसऱ्या दिवशी फोर्ट स्टेशनावरून कँडीची रेल्वे धरली. सुमारे सव्वाशे किलोमीटरचे अंतर, पण वर डोंगरात चढायचे म्हणून गाडी तीन तास घेते. हा लोहमार्ग १८६७ सालचा. आधी भातखाचरे आणि माडांची झाडे, मग घाट, बोगदे, खाली खोल दरी. आपल्या खंडाळ्याची आठवण झाली. शेंगदाण्याच्या पुड्या विकणारा डब्यात आला तेव्हा तर यांनी नकळत मराठीतच भाव विचारला!

कँडी ही सिंहली राजांची शेवटची राजधानी. १८१५ साली ती इंग्रजांच्या हाती गेली. तळ्याकाठी दंतधातूचे विहार आहे, त्याला तिकडे दळदा मालिगाव म्हणतात. भगवान बुद्धांचा दात तिथे जपून ठेवला आहे, अशी बौद्धांची श्रद्धा. तो तिथे कसा आला, याची परंपरेने चालत आलेली कथा मला फार आवडली. चौथ्या शतकात कलिंग देशावर शत्रू चालून आला. तेव्हा राजकन्या हेममाला आणि तिचा पती दंतकुमार वेष पालटून निघाले. तिने तो धातू आपल्या केसांत लपवला आणि दोघांनी समुद्र ओलांडून तो लंकेला पोचवला. म्हणजे ही जोडप्याच्या प्रवासाचीच गोष्ट!

आम्ही मुद्दाम २५ जानेवारीची पौर्णिमा गाठली होती. श्रीलंकेत दर महिन्याच्या पौर्णिमेला सरकारी सुट्टी असते, त्या दिवशी दारूविक्रीही बंद असते. सकाळी विहारापाशी गेलो आणि माझे पाय थबकले. जिकडे पाहावे तिकडे पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे. मीही पांढरीच साडी नेसले होते. पुण्यात पांढरी साडी नेसून बसमध्ये चढले की काही नजरा आमची जात मोजतात, हे माझ्या भगिनींना वेगळे सांगायला नको. इथे माझ्याकडे कोणी वळूनही पाहिले नाही. हजारो बायकांत मी एक होते. एका म्हातारीने तिच्या ओंजळीतले एक कमळ मला दिले. पंचशील सुरू झाले. चाल वेगळी होती, शब्द तेच पाली. हे माझ्या शेजारी हात जोडून उभे होते आणि मोठ्याने म्हणत होते. नगाऱ्यांच्या आवाजात रांग पुढे सरकली, दंतधातूचा सोन्याचा करंडक क्षणभर दिसला, आणि आम्ही बाहेर आलो.

बाहेर पायरीवर बसून मी यांना सांगितले, "१९५० साली २७ देशांचे प्रतिनिधी याच जागी जमले आणि जागतिक बौद्ध परिषद सुरू झाली. बाबासाहेब आणि माईसाहेब त्याच परिषदेसाठी आले होते." माईसाहेबांविषयी आपल्या समाजात पुष्कळ बोलले गेले, तो वाद आज नको. लग्नाला जेमतेम दोन वर्षे झाली होती, नवऱ्याची प्रकृती नाजूक, आणि डॉक्टर असलेल्या त्या बाईने त्यांचे पथ्यपाणी सांभाळत हा प्रवास केला, एवढे मात्र मला त्या पायरीवर जाणवले.

इथेच थांबले असते तर लेख गोड झाला असता. पण बाबासाहेबांनी आपल्याला डोळे मिटून पाहायला शिकवलेले नाही. आम्ही उतरलो होतो त्या घराचे मालक निवृत्त शिक्षक. रात्री माझ्या मोडक्या इंग्रजीत मी त्यांना विचारले, "तुमच्याकडे जात नाही ना?" ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी सांगितले ते ऐकून मी सुन्न झाले. १७५३ साली सयामहून उपसंपदा आणून इथे सयाम निकाय स्थापन झाला. कँडीतली मोठी विहारे त्याच निकायाची. त्यात पुढे गोविगम या वरच्या जातीच्या मुलांनाच भिक्खूची उपसंपदा मिळू लागली. इतर जातींची माणसे १८०० च्या सुमारास ब्रह्मदेशात गेली, तिथून उपसंपदा घेऊन आली आणि त्यांनी अमरपुर निकाय काढला. सयाम निकायाची ती जातीची अट आजही गेलेली नाही. चहाच्या मळ्यांत राबणाऱ्या तामीळ मजुरांचे हालही त्यांनी सांगितले. त्यांतले कित्येक मुळात आपल्यासारखेच अस्पृश्य. इंग्रजांनी त्यांना तामीळ मुलुखातून नेले आणि देश स्वतंत्र होताच १९४८ च्या कायद्याने त्यांचे नागरिकत्वच गेले. ते परत मिळायला कित्येक वर्षे लागली.

त्या रात्री मला झोप लागेना. सकाळच्या कमळाचा आनंद खोटा होता का? यांनी कूस बदलली आणि म्हणाले, "अगं, बाबासाहेबांना हे दिसलं नसेल का?" दिसले होते. कोलंबोच्या टाऊन हॉलमध्ये त्यांनी तिथल्या अस्पृश्यांना धम्म स्वीकारण्याचे आवाहन केले होते, आणि तिथल्या बौद्धांना सांगितले होते की या लोकांना आपलेसे करा, त्यांचे हित पाहा. म्हणजे ते नुसते हात जोडायला गेले नव्हते. पाहायला, पारखायला आणि बोलायला गेले होते. सहा वर्षांनी नागपूरला त्यांनी आपल्याला जो धम्म दिला, तो बावीस प्रतिज्ञांसह दिला. जातीला आत येण्याची फटच राहू नये म्हणून. त्या प्रतिज्ञांची किंमत मला कँडीत नव्याने कळली. म्हातारीचे कमळ खरे होते, आणि शिक्षकांनी सांगितलेले तेही खरे. दोन्ही घेऊन आम्ही परत आलो.

विमान समुद्रावर होते तेव्हा मला रमाईची आठवण झाली. बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेला गेले, १९२० साली पुन्हा लंडनला गेले. रमाई मागे राहिली. लेकरे गेली, तिने एकटीने सोसले. २७ मे १९३५ रोजी ती गेली, पण समुद्रापलीकडे काय आहे ते तिला कधी पाहायला मिळाले नाही. आपल्या किती माय-बहिणी अशाच गेल्या! नवरा कामाला, मोर्च्याला, सभेला, बाई घरात. नवऱ्याबरोबर तिने पाहिले ते दवाखाना आणि स्मशान. रमाईने सोसले ते आपण सोसत राहावे म्हणून नव्हे, आपले सुटावे म्हणून सोसले.

परत आल्यावर फरशीसाठी आम्ही आमचा वाटा दिला. दंड म्हणून नाही, नेहमीचे दान म्हणून. त्या ज्येष्ठ उपासकांना मात्र खरे सांगायला मी कचरले, ते आज या लेखातून सांगते आहे. दादा, आम्ही यात्रेला नव्हतो गेलो, सहलीला गेलो होतो. रागावू नका. पुढच्या खेपेला आक्कांना घेऊन तुम्हीही निघा.

आणि माझ्या त्या दाराशी उभ्या राहिलेल्या भगिनीला सांगते, कर्ज काढून जाऊ नकोस. दुखण्याचे पैसे आधी बाजूला ठेव, उरलेल्यात बसेल तेवढेच कर. कागदपत्रांवरची नावे एकसारखी आहेत का ते आधी बघ. पासपोर्ट नसेल तर नेपाळला जा, तिथे मतदार ओळखपत्रावर जाता येते. काठमांडूहून लुंबिनीला जाता येईल. १९५६ च्या नोव्हेंबरमध्ये बाबासाहेब आणि माईसाहेब काठमांडूच्या बौद्ध परिषदेला गेलेच होते. तेही जमत नसेल तर लोणावळ्याजवळ कार्ले-भाजे आहे, एका दिवसात जाऊन येशील. पण जा. दोघे मिळून जा. आणि लोकांनी विचारले, तर मान वर करून सांग, "फिरायला गेलो होतो."

जय भीम! नमो बुद्धाय!